कॉर्व्हेट नको, सहा साध्या गस्तनौका द्या: मेरवाच्या सागरी समितीला खुलं पत्र

मा. संरक्षण मंत्री आणि संसदेच्या सागरी समितीचे सर्व सदस्य,
मेरवा प्रजासत्ताक

स.न.वि.वि.

आरमार नवीकरणाचा आराखडा प्रसिद्ध करून आपण हरकती आणि सूचना मागवल्यात. ही माझी हरकत. सूचनाही आहेत, पण आधी हरकत.

मी आपल्याच गस्तनौकांच्या इंजिन रूममध्ये नोकरी करून निवृत्त झालो. डेकवर उभं राहून दुर्बिणीतून क्षितिज न्याहाळण्याचा योग माझ्या वाट्याला फारसा आला नाही, त्यामुळे रणनीतीवर मोठमोठं बोलणं मला शोभायचं नाही. पण नौका समुद्रात का जाते आणि का जात नाही, एवढं मला नक्की कळतं. आराखडा वाचताना प्रत्येक पानाला मी हाच प्रश्न विचारत होतो. बहुतेक पानांकडे उत्तर नव्हतं.

आराखडा थोडक्यात असा आहे: निम्म्याहून जास्त पैशांत एकच नव्वद मीटर लांबीची कॉर्व्हेट, म्हणजे गस्तनौकेहून मोठी युद्धनौका, हेलिकॉप्टरच्या हँगरसकट. उरलेल्यांतून दोन वेगवान क्षेपणास्त्र नौका आणि राजधानीत एक काचेचं नियंत्रण केंद्र. गोदीची डागडुजी, माणसं आणि सुटे भाग यांच्यासाठी मिळून जे ठेवलंय, ते परिशिष्टाच्या एका ओळीत मावतं. माझं म्हणणं एवढंच की हा क्रम उलटा करा, आणि उलटा केल्यावर कॉर्व्हेटपर्यंत पैसे पोचणार नाहीत, त्याची खंत करू नका.

आज आपल्याकडे काय आहे? कागदावर चार गस्तनौका. दोन चालतात. तिसरी गोदीत उभी आहे. चौथीचे पंप, इंजेक्टर आणि जनरेटर काढून बाकीच्या तिघींना बसवलेत. संसदेत कुणी विचारलं की ‘ताफ्यात चार नौका आहेत’ असं लेखी उत्तर येतं, आणि ते खोटंही नसतं. चौथी नौका ताफ्यात आहेच, फक्त तीन नौकांमध्ये विखुरलेली आहे.

या नौकांनी सांभाळायचं काय, ते आधी बघू. 1982 च्या सागरी कायद्याच्या कराराप्रमाणे (तो अमलात आला 1994 मध्ये) किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत आपला प्रादेशिक समुद्र आणि 200 सागरी मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे तिथल्या मासळीवर आणि तळाखालच्या साधनसंपत्तीवर आपला हक्क. सागरी मैल 1,852 मीटरचा. दुसऱ्या कुणाची हद्द आड येत नसेल तर समुद्रातल्या एकट्या ठिपक्याएवढ्या बेटाभोवतीही सुमारे 4 लाख 31 हजार चौरस किलोमीटर पाणी पडतं. आपलं टोकबेट जवळजवळ तसंच आहे. मेरवाच्या एकूण पाण्यातला सगळ्यांत मोठा तुकडा त्या एका बेटामुळे आपला आहे.

आणि तो तुकडा राहीलच, अशी हमी नाही. त्याच करारात कलम 121 आहे. त्याचा तिसरा परिच्छेद आराखडा करणाऱ्यांनी वाचलेला दिसत नाही. ज्या खडकावर माणसांची वस्ती किंवा स्वतःचं आर्थिक जीवन तग धरू शकत नाही, त्याला अनन्य आर्थिक क्षेत्र मिळत नाही. 12 मैल मिळतात, बस्स. फिलिपिन्सनं चीनविरुद्ध दाखल केलेल्या खटल्यात 12 जुलै 2016 रोजी लवाद न्यायाधिकरणानं या परिच्छेदाचा फार कडक अर्थ लावला. इटू आबा हे दक्षिण चीन समुद्रातल्या स्प्रॅटली समूहातलं सर्वांत मोठं नैसर्गिक बेट. तिथे गोडं पाणी आहे, धावपट्टी आहे, माणसं तैनात आहेत. तरी न्यायाधिकरणानं त्याला खडकच ठरवलं. बाहेरून रसद पाठवून पोसलेले सरकारी कर्मचारी म्हणजे वस्ती नव्हे, असा त्याचा सूर होता. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, आणि चीननं तो धुडकावूनही लावला. पण हद्दीचा वाद उद्या उभा राहिला तर उत्तरेच्या शेजाऱ्याचा वकील तोच निकाल हातात घेऊन येणार, याबद्दल मला शंका नाही.

म्हणजे टोकबेटावरची चाळीसेक घरं, तिथली शाळा, दोन पिढ्यांपासून चाललेला मासळी वाळवण्याचा धंदा, हा आपल्या त्या पाण्याचा सातबारा आहे. त्या घरांना डिझेल, औषधं, सिमेंट पोचवतं कोण? आपलं जुनं लँडिंग क्राफ्ट, थेट किनाऱ्याला लागून पुढच्या रॅम्पवरून माल उतरवणारी नौका. त्याच्या पुढच्या रॅम्पच्या बिजागऱ्या इतक्या झिजल्यात की रॅम्प साखळीनं वर ओढून घ्यावा लागतो आणि वाटेत फटीतून पाणी येत राहतं. वादळी महिन्यांत ते बंदराबाहेर काढायला कुठलाही शहाणा कप्तान धजत नाही. आराखड्यात त्याचा उल्लेख एकदाच येतो: ‘सेवानिवृत्तीस पात्र’. त्याच्या जागी काय येणार, याबद्दल अवाक्षर नाही. रसदेवाचून त्या घरांतली माणसं एकेक करून मुख्य भूमीवर उतरली, की कॉर्व्हेटनं राखायचं पाणी निम्म्यावर येईल. मला विचाराल तर नव्या आराखड्यातली पहिली नौका नवं लँडिंग क्राफ्ट असायला हवी. तिच्यावर तोफ नसेल आणि उद्घाटनाच्या फोटोत ती काही फार देखणी दिसणार नाही, हे मान्य.

आता गस्तीचं बोलू. एक नौका सतत समुद्रावर ठेवायची तर तीन लागतात: एक गस्तीवर, एक नुकतीच परतलेली किंवा निघण्याच्या तयारीत, एक दुरुस्तीत. जगभरची आरमारं हाच ठोकताळा धरतात. कॉर्व्हेट एकच घेतली तर सगळं सुरळीत चालूनही ती वर्षाचे आठ महिने धक्क्याला किंवा गोदीत असेल. आपली मासळी चोरणारे परके ट्रॉलरवाले, म्हणजे मोठी जाळी ओढणाऱ्या मासेमारी जहाजांवरचे लोक, मूर्ख नाहीत. नव्वद मीटरची नौका बंदरात आहे की नाही, हे समजायला त्यांना हेर पाठवावे लागत नाहीत, धक्क्यावरच्या हॉटेलात एक फोन पुरतो.

आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या देशांनीही या हौसेची किंमत मोजली आहे. थायलंडनं स्पेनमध्ये विमानवाहू नौका बांधून घेतली, चाक्री नारुएबेत, 1997 मध्ये ती दाखल झाली. तिच्यावरची हॅरियर विमानं 2006 पर्यंत निवृत्त झाली. विमानं गेली, वाहू नौका राहिली, आणि तिचं बहुतेक आयुष्य बंदरात गेलं.

माहितीपत्रकात क्षेपणास्त्र नौकांचा 38 नॉट (ताशी 38 सागरी मैल) वेग ठळक अक्षरांत छापलाय. इंजिन रूमवाल्याच्या डोळ्यांनी बघा. पाण्यात नौकेला लागणारी शक्ती ढोबळमानानं वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. 15 नॉटवरून 30 वर जायचं तर दुप्पट नव्हे, आठपट शक्ती लागते आणि दर मैलामागे चौपट इंधन जळतं. एवढी शक्ती छोट्या सांगाड्यात बसवायची म्हणजे इंजिनं हलकी, गरम आणि नाजूक. त्यांचे ओव्हरहॉल लवकर येतात आणि ते करणारे तंत्रज्ञ आपल्याकडे नाहीत, कारखान्यातून विमानानं येतात. ट्रॉलर पळून पळून पळणार किती? जाळी पाण्यात असताना तो चार-पाच नॉटच्या पुढे जात नाही, जाळी उचलून पळाला तरी दहा-बारा. त्याला गाठायला 38 नॉट कशाला? 22 पुष्कळ झाले. खरी गरज आहे ती दोन आठवडे बाहेर राहता येण्याची, आणि खवळलेल्या समुद्रातही छोटी रबरी बोट खाली सोडून परत उचलून घेता येण्याची. ट्रॉलरवर चढून त्याचं कोल्ड स्टोरेज उघडून बघितल्याशिवाय चोरी सिद्ध होत नाही.

एक प्रसंग सांगतो, कारण तो कुठल्याच अहवालात नीट आलेला नाही. टोकबेटाच्या पश्चिमेला रात्री एक परका ट्रॉलर दिसला, दिवे मालवलेला. आम्ही वेग वाढवला. काही मिनिटांत डाव्या इंजिनाचं तापमान चढायला लागलं. समुद्राचं पाणी आत खेचून इंजिन थंड करतात, त्या पाण्याच्या वाटेवर गाळणी असते. तिचं झाकण उघडलं तर आत जेलीफिशचा लगदा आणि प्लॅस्टिकची पिशवी. गाळणी साफ व्हायला फार वेळ लागला नाही, पण तोवर पंप कोरडा फिरला होता आणि त्याचा रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, जळाला होता. हाताच्या पंजाएवढा रबराचा तुकडा! भांडारात तसे तीन होते. तिन्ही दुसऱ्या मापाचे, कारण आपल्या चार नौका दोन वेगवेगळ्या खेपांत घेतल्या, दोन खेपांची इंजिनं दोन वेगळ्या कंपन्यांची, आणि खरेदी खात्यानं स्वस्त मिळाले म्हणून एकाच मापाचे इम्पेलर घेऊन ठेवले होते. एका इंजिनावर आम्ही घरी परतलो. ट्रॉलरनं सावकाश जाळी गोळा केली असणार.

म्हणून माझी दुसरी मागणी: सहा नौका, सहाही एकसारख्या. चाळीस ते पंचेचाळीस मीटर, पोलादी सांगाडा, फेरीबोटींत आणि टगमध्ये चालतात तसली साधी डिझेल इंजिनं, ज्यांचे भाग कुठल्याही मोठ्या बंदरात मिळतात. एक छोटी तोफ, दोन रबरी बोटी, मागे एक कंटेनर ठेवण्यापुरती मोकळी जागा. डेन्मार्कनं फ्लायव्हेफिस्केन वर्गाच्या नौकांत ही मोकळ्या जागेची युक्ती वापरली होती: तोफ, सुरुंग शोधायची सामग्री, सर्वेक्षणाची यंत्रं, सगळं ठरावीक मापाच्या खोक्यांत बसवायचं आणि कामाप्रमाणे खोकं बदलायचं. कल्पना चांगली आहे, मात्र खोकं क्रेननं बदलता येतं, ते चालवणारी माणसं क्रेननं बदलत नाहीत. आपल्याला त्यातली मोकळी जागा तेवढी उचलायची आहे.

साध्या नौका म्हणजे गरिबाघरचं आरमार असं कुणाला वाटत असेल, तर पॅसिफिकमधल्या बेटांकडे बघावं. ऑस्ट्रेलियानं 1987 ते 1997 या काळात तिथल्या 12 देशांना 22 गस्तनौका दिल्या. 31 मीटरच्या आसपासच्या, मुद्दाम बाजारात मिळणारी सामग्री वापरून बांधलेल्या. सोबत प्रशिक्षण आणि देखभालीची माणसंही दिली. त्यातल्या बऱ्याच नौका तीस-तीस वर्षं चालल्या. 2018 पासून त्यांच्या जागी 39.5 मीटरच्या गार्डियन वर्गाच्या नौका आल्या. त्यांतही 2022 मध्ये एक्झॉस्टच्या पाइपांना चिरा सापडल्या, म्हणजे साधेपणा हा काही सगळ्या दुखण्यांवरचा उतारा नाही. पण साध्या नौकेचं दुखणं सापडतं आणि स्थानिक कारागिराला दुरुस्तही करता येतं.

कारागिराचं नाव निघालंच आहे तर गोदीकडे या. आपला स्लिपवे, म्हणजे नौका पाण्याबाहेर ओढून घ्यायचा उतार, पंचेचाळीस मीटरच्या पुढची नौका वर घेऊ शकत नाही, आणि चाळीस मीटरचीही घेताना रुळावरची ट्रॉली मध्येच अडते. कॉर्व्हेटला तळ घासून रंगवायला परदेशी गोदीत जावं लागेल, तिच्याच इंधनावर, त्यांच्याच वेळापत्रकाप्रमाणे, त्यांच्याच दरानं. आणि ही वेळ ठरलेली असते. खाऱ्या पाण्यात तळाला शिंपले आणि शेवाळ चिकटतं, वेग घटतो, इंधन वाढतं. पोलाद कुजू नये म्हणून तळाला जस्ताच्या पट्ट्या लावलेल्या असतात, पोलादाऐवजी त्या झिजतात. वेळेवर बदलल्या नाहीत तर समुद्र मग पोलादाकडे वळतो. आपल्या तिसऱ्या नौकेचं हेच झालं. युद्ध नाही, वादळ नाही. जस्ताच्या पट्ट्यांची निविदा तीनदा रद्द झाली. नौकेची खरेदी हा तिच्यावरच्या आयुष्यभराच्या खर्चाचा साधारण तिसरा हिस्सा धरतात. आराखड्यात तेवढा एकच हिस्सा दिसतो.

माणसांबद्दल आराखडा म्हणतो, ‘आवश्यक मनुष्यबळ टप्प्याटप्प्यानं उपलब्ध होईल.’ कुठून? आयर्लंडसारख्या श्रीमंत देशाला 2023 मध्ये चांगल्या चालत्या गस्तनौका केवळ खलाशी आणि तंत्रज्ञ कमी म्हणून धक्क्याला बांधून ठेवाव्या लागल्या. आपल्याकडे इंजिनवाला तयार व्हायला पाच-सहा वर्षं जातात, मग व्यापारी जहाजांची कंपनी त्याला तिप्पट पगारावर घेऊन जाते. मी त्याला दोष देत नाही. मुलांच्या फिया देशभक्तीवर भरता येत नाहीत. तांत्रिक कामाचा भत्ता, किनाऱ्यावर राहायला बरं घर, आणि चार महिने समुद्रावर काढल्यावर तेवढीच ठरलेली रजा: यावर जो खर्च होईल तो कॉर्व्हेटच्या एका रडारपेक्षा कमीच असेल.

आणि शिकवलेली माणसं नसली की शत्रूची गरजच उरत नाही. नॉर्वेची फ्रिगेट (कॉर्व्हेटहून मोठी युद्धनौका) हेल्गे इंगस्टाड 8 नोव्हेंबर 2018 रोजी आपल्याच देशाच्या फियॉर्डमध्ये, म्हणजे अरुंद खाडीत, तेलवाहू जहाजावर आदळली आणि बुडाली. न्यूझीलंडच्या आरमाराचं मानावानुई हे जहाज 5 ऑक्टोबर 2024 रोजी सामोआजवळ प्रवाळ खडकावर चढलं आणि दुसऱ्या दिवशी तळाला गेलं. जहाज वळत का नाही म्हणून सगळे गोंधळले होते, आणि ऑटोपायलट चालू राहिला होता. सगळी माणसं वाचली हे नशीब. ही शिस्तीची, जुनी, नावाजलेली आरमारं आहेत. आपण तर एका फेरीत दोन पिढ्यांचं तंत्रज्ञान ओलांडू बघतोय.

काचेच्या नियंत्रण केंद्राबद्दल फार बोलत नाही. फक्त त्यातल्या पडद्यांवर दिसणार काय, ते विचारा. रडारचे किरण पृथ्वीच्या गोलाईपलीकडे फारसे वाकत नाहीत. साधा हिशेब असा: रडारच्या आणि समोरच्या वस्तूच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढा, दोन्हींची बेरीज करा, 4.12 नं गुणा, किलोमीटर मिळतात. नौकेच्या डोलकाठीवर 16 मीटर उंचीचं रडार, समोर पाण्यापासून 4 मीटर उंच लाकडी बोट: जेमतेम 25 किलोमीटर. तेच रडार टोकबेटाच्या टेकडीवर 225 मीटरवर नेऊन बसवलं तर 70 किलोमीटर. ती टेकडी दुरुस्तीला परदेशी जात नाही आणि तिला खलाशी लागत नाहीत. वर एक जनरेटर, सौर पॅनेल आणि पाळीपाळीनं राहणारे चार जण पुरतात, आणि ते बेटावरचेच असतील तर आणखी चांगलं. आंतरराष्ट्रीय नियमानं 300 टनांवरच्या परदेशगामी जहाजांना आपली ओळख सांगणारं एआयएस यंत्र चालू ठेवावं लागतं. चोर ते बंद करतो. पण रडारवर ठिपका आहे आणि एआयएसवर नाव नाही, ही जोडी जुळली की गस्तनौका नेमकी कुठे पाठवायची ते कळतं. आज आपण समुद्रभर डिझेल जाळत त्या ठिपक्याला शोधतो.

इथवर वाचून समितीतले काही सदस्य म्हणतील, ट्रॉलर ठीक आहेत, पण शेजाऱ्याच्या आरमाराचं काय? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र कॉर्व्हेट नाही.

21 ऑक्टोबर 1967 रोजी पोर्ट सैदजवळ इजिप्तच्या कोमार वर्गाच्या छोट्या नौकांनी इस्रायलची एलात ही विनाशिका क्षेपणास्त्रं डागून बुडवली. नौका साठेक टनांच्या, विनाशिका सतराशे टनांच्या घरातली. तेव्हापासून छोट्या देशांच्या मनात क्षेपणास्त्र नौकेनं घर केलं, आणि आपल्या आराखड्यातल्या दोन नौका त्याच घरातून आल्यात. डिसेंबर 1971 मध्ये भारताच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीजवळ खैबर ही पाकिस्तानी विनाशिका बुडवली, हेही खरं. पण त्या नौका एकट्या गेल्या नव्हत्या. सोबत दोन मोठी जहाजं होती, इंधनाचा टँकर होता. याच्या उलट 1991 च्या जानेवारी अखेरीस कुवेतच्या बुबियान बेटाजवळ इराकच्या अशाच नौका हेलिकॉप्टरांनी आणि विमानांनी अक्षरशः टिपून काढल्या. वरून छत्र नसलेली छोटी क्षेपणास्त्र नौका ही पहिला फटका मारेपर्यंतच धोकादायक असते. आपल्याकडे छत्र नाही आणि ते परवडणारही नाही.

मग तेच क्षेपणास्त्र नौकेवर ठेवायचं कशाला? 1982 च्या जूनमध्ये अर्जेंटिनानं जहाजावरचं एक्झोसेट क्षेपणास्त्र उतरवून ट्रेलरवर चढवलं आणि फॉकलंडच्या किनाऱ्यावरून ब्रिटनच्या ग्लॅमॉर्गन या युद्धनौकेवर डागलं. जुगाड होतं, पण लागलं. 14 जुलै 2006 रोजी लेबनॉनच्या किनाऱ्यावरून सुटलेलं क्षेपणास्त्र इस्रायलच्या हानित या आधुनिक कॉर्व्हेटला लागलं आणि 4 खलाशी गेले. बचावाची यंत्रणा तिच्यावर होती, चालू केलेली नव्हती. एप्रिल 2022 मध्ये युक्रेननं किनाऱ्यावरून नेपच्यून क्षेपणास्त्रं डागून रशियाच्या काळ्या समुद्रातल्या ताफ्याची मोस्क्वा ही मुख्य नौका बुडवली. युक्रेननं स्वतःची मुख्य नौका त्याआधीच बंदरात स्वतःच्या हातानं बुडवली होती, शत्रूच्या हाती लागू नये म्हणून. ट्रकवरचं क्षेपणास्त्र झाडाखाली उभं राहतं, जागा बदलतं, त्याला गंज लागला तर तो छपराखाली बसून घासता येतो. टेकडीवरचं जे रडार ट्रॉलर दाखवतं, तेच त्याला जवळच्या पाण्यातलं लक्ष्य दाखवेल. दोन क्षेपणास्त्र नौकांच्या किमतीत असे ट्रक किती येतात, याचा हिशेब आपल्या अधिकाऱ्यांकडून लेखी मागून घ्या.

स्फोटकं भरलेल्या बिनखलाशी बोटींबद्दलही हल्ली फार बोललं जातं. 2024 च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये युक्रेननं अशा बोटींनी रशियाच्या तीन नौका बुडवल्या, इव्हानोवेत्स त्यातली पहिली. पण त्यामागे उपग्रहावरून संपर्क होता, मित्रदेशांची माहिती होती आणि दर महिन्याला बोट सुधारत जाणारे कारखाने होते. विक्रेत्याच्या दालनातून दहा बोटी विकत आणल्यानं ते येत नाही. आपल्या तंत्रनिकेतनाला दोन सांगाडे आणि थोडा निधी द्या, पोरं आधी टेहळणीची बोट तरी बनवून दाखवतील. पाणबुडीचा विषय आराखड्याच्या शेवटच्या प्रकरणात ‘भविष्यवेध’ म्हणून आलाय, त्यावर मी शाई खर्च करत नाही.

समुद्री सुरुंगांचा मात्र आराखड्यात उल्लेखच नाही, आणि हे मला सगळ्यांत जास्त खटकलं. 14 एप्रिल 1988 रोजी अमेरिकेची सॅम्युअल बी. रॉबर्ट्स ही फ्रिगेट इराणनं पेरलेल्या सुरुंगावर गेली आणि तिचा कणाच मोडला. तो सुरुंग मूळच्या 1908 सालच्या रशियन रचनेचा होता! आपलं एकच मोठं बंदर, त्याला एकच अरुंद खाडीमुख. तिथे कुणी चार सुरुंग टाकले, किंवा टाकल्याची नुसती अफवा उठवली, तरी विमा कंपन्या जहाजं थांबवतील आणि धान्य यायचं बंद होईल. सहा नौकांपैकी दोघींच्या मागच्या मोकळ्या जागेत आवाजाच्या लहरींनी तळ धुंडाळणारं सोनार आणि दोरीनं सोडायचं छोटं यंत्र ठेवा, आणि खाडीच्या तळाचा नकाशा आजच करून घ्या. तळाशी आज काय पडलंय ते माहीत असेल तरच उद्या नवं काय आलंय ते ओळखता येईल.

शेवटी पैशांचा मुद्दा, आणि इथे मला भीती वाटते. आराखड्यात ‘सवलतीचं परदेशी कर्ज’ असे तीन शब्द आहेत, त्यांना सरकारची हमी आहे, आणि कराराची कलमं ‘व्यावसायिक गोपनीयते’खाली झाकलेली आहेत. मोझांबिकनं 2013 आणि 2014 मध्ये नेमकं हेच केलं. गस्तनौका, ट्युनाच्या बोटी, किनाऱ्याची टेहळणी अशा नावांनी तीन सरकारी कंपन्यांनी मिळून सुमारे 2 अब्ज डॉलर कर्ज काढलं, सरकारच्या हमीवर. त्यातला मोठा भाग संसदेला सांगितलाच नव्हता. 2016 मध्ये ते बाहेर आलं तेव्हा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं आणि देणगीदारांनी हात आखडते घेतले, चलन कोसळलं, देश हप्ते चुकवू लागला. ट्युनाच्या बोटी राजधानी मापुतोच्या बंदरात पडून राहिल्या. माजी अर्थमंत्र्यांना 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयानं दोषी ठरवलं. आपल्याकडे तसं काही शिजतंय असा माझा आरोप नाही. पण तिकडेही सुरुवातीला कुणी आरोप केला नव्हता.

समितीची बैठक येत्या पंधरवड्यात आहे. मतदानापूर्वी पाच गोष्टी पटलावर मागवा. गेल्या पाच वर्षांत प्रत्येक नौकेनं समुद्रावर काढलेले दिवस आणि इंजिनांच्या तासांची नोंदवही, खात्यानं केलेला गोषवारा नव्हे, मूळ वही. तंत्रज्ञांच्या मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती. कॉर्व्हेटचा तीस वर्षांचा पूर्ण खर्च, परदेशी गोदीच्या खेपा धरून. कर्जाच्या कराराचा मसुदा, हमीच्या कलमासकट. आणि टोकबेटाला गेल्या तीन वादळी हंगामांत रसदेच्या किती खेपा ठरल्या होत्या आणि किती पोचल्या.

इंजिनांच्या वह्या गोदीच्या जुन्या कचेरीत, खिडकीजवळच्या लोखंडी कपाटात आहेत. किल्ली सापडत नाही असं सांगितलं गेलं, तर मला साक्षीला बोलवा. त्यातल्या बऱ्याच पानांवर सही माझी आहे, आणि आकडे कसे वाचायचे ते मी समितीला समजावून देईन.

कळावे,
आपला,
मेरवा आरमाराचा एक निवृत्त मुख्य इंजिन मेकॅनिक